हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी: इंदूरजवळच्या एका हिवाळी शिबिराचा अनुभव

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खंडवा रोडवर, सिमरोळच्या अलीकडे, एका शेतावर भरलेल्या शेती-विज्ञान शिबिराला मी घरातून दोन मुलं पाठवली. दिवस ५, फी माणशी ६,५०० रुपये, वय १२ ते १६, मुलं एकूण २४. सकाळी सव्वासातला भंवरकुआ चौराह्यावरून बस, संध्याकाळी साडेपाचला परत तिथेच. शिबिराचं नाव इथे देत नाही. माझ्या तक्रारी मी चालवणाऱ्यांसमोर बसून सांगितल्या, त्यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत बदल करतो म्हणाले. तो वेळ त्यांना मिळायला हवा. पण अशी शिबिरं आता इंदूरच्या चहूबाजूंनी निघू लागली आहेत आणि आपले मराठी पालक मुलांना हौसेनं पाठवताहेत. त्यांना पैसे भरण्याआधी काय बघायचं ते कळावं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी ३४ वर्षं बँकेत होते, त्यातली १९ देपालपूर आणि सांवेरच्या शाखांत, शेतीकर्जाच्या टेबलावर. सासरची नऊ बिघे जमीन देपालपूरकडे आहे. गेली सोळा वर्षं ती एकच बटाईदार करतो, अर्ध्या वाट्यानं. त्याची मुलगी चौदा वर्षांची, सरकारी शाळेत नववीत. शिबिराला गेलेल्या माझ्या दोन मुलांपैकी एक ती. दुसरा माझ्या भाचीचा मुलगा, तेरा वर्षांचा, सुट्टीत कॅलिफोर्नियाहून आलेला.

मुलीला पाठवायचं भाचीनं सुचवलं. ती सॅलिनासला राहते, तिथल्या सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवते. सॅलिनासचं खोरं म्हणजे अमेरिकेच्या ताटातली कोशिंबीर: मैलोन् मैल लेट्यूस, ब्रोकोली, स्ट्रॉबेरी. ते तोडणारे हात मेक्सिकोतून आलेल्या मजुरांचे, आणि भाचीच्या वर्गातली बहुतेक मुलं त्याच घरांतली. शिबिराचा फॉर्म भरताना तिनं मला विचारलं, "मावशी, माझा मुलगा शेत बघायला चाललाय. जिच्या घरात शेत आहे, ती का नाही?" मी दोघांचे पैसे भरले. फोनवर शिबिराच्या कार्यालयातून विचारणा झाली, "मुलगी हिंदी माध्यमाची आहे, तिला जमेल ना?" हा प्रश्न मला तेव्हाच खटकला. पुढे पाचही दिवस तो माझ्या डोक्यात राहिला.

देपालपूरहून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून मुलगी आमच्याकडे, लोकमान्य नगरात राहिली. पालकांपैकी कुणीही एखादा दिवस येऊन मागे बसू शकतं, ही या शिबिराची चांगली सोय. मी दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी गेले, भाची तिसऱ्या आणि पाचव्या.

पहिला दिवस मातीचा. मुलांनी सांगितलेल्यावरून लिहिते. काचेच्या बरणीत मूठभर माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्यायची. रेती मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, आणि आपल्या माळव्याच्या काळ्या मातीतली चिकण दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा पाण्यात तरंगत असते. मग मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकलं की बारीक फेस येतो, कारण आपल्या जमिनीत चुनखडी आहे. दोन्ही प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात होण्यासारखे, म्हणूनच चांगले. मुलीनं घरी येऊन आमच्या कुंडीतल्या मातीवर लिंबू पिळून पाहिलं.

दुसऱ्या दिवसासाठी मात्र साडेसहा हजारांतले पाच हजार मी आनंदानं देईन.

हरभऱ्याच्या वाफ्यात सगळ्यांना नेलं. पीक फुलावर आलेलं. झाड मुळासकट काढा, असं सांगितल्यावर शहरातल्या मुलांनी बुंध्याला धरून ओढायला सुरुवात केली. आमची मुलगी दोन दिवस मागे मागे उभी राहत होती. ती पुढे आली, खुरपं मागितलं, झाडाभोवती वीतभर अंतरावरून माती सैल केली आणि अख्खा गड्डा उचलून बादलीत बुडवला. ओढलं तर मुळांवरचं सगळं मातीतच राहतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. माती पाण्यात विरघळली आणि मुळांवरच्या गाठी दिसू लागल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या.

शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं, हे काय आहे? तीन-चार मुलं एकदम म्हणाली, रोग. एक म्हणाला, किडीची अंडी. आमची मुलगी हळूच म्हणाली की हा रोग नाही, सगळ्या हरभऱ्याला असतात, आणि पापा म्हणतात की हरभऱ्यानंतर त्या तुकड्यात जे पेरू त्याला युरिया कमी लागतो. ताई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या पापांना परिणाम माहीत आहे. आता आपण कारण बघू." आणि ब्लेडनं एक गाठ मधोमध कापली. आत गुलाबी, जवळजवळ मांसासारखी लाल.

तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही झाडाला तो सरळ घेता येत नाही. हे जिवाणू त्याचा अमोनिया करतात, मग झाडाला तो वापरता येतो, आणि बदल्यात झाड त्यांना साखर देतं. हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) प्राणवायू सोसत नाही, म्हणून तो धरून ठेवणारं हे लाल द्रव्य. गाठ आतून गुलाबी असेल तर कारखाना चालू, हिरवी किंवा तपकिरी झाली की बंद. ताईंनी प्रत्येकाला दहा गाठी कापायला लावल्या, किती गुलाबी निघाल्या ते वहीत लिहायला लावलं, आणि मग दोन वाफ्यांची तुलना करायला सांगितली. मुलीनं तीन झाडं जास्तीची काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

शेतीकर्ज देताना मी शेकडो शेतकऱ्यांना विचारलं असेल की बेवड काय, आधी काय पेरलं होतं. त्या प्रश्नामागचं हे लाल टिपूस मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

या ताईंविषयी वेगळं सांगायला हवं. त्या खरगोन जिल्ह्यातल्या, घरी कापूस, बी.एस्सी. कृषी झालेल्या. जेवताना मुलीनं त्यांना एकच गोष्ट तीन वेळा विचारली: तुम्ही पण गावातल्याच का? सरकारी शाळेतल्याच का? हिंदीतूनच का? तिन्ही उत्तरं हो आल्यावर ती त्यांची सावली झाली. भाचीनं हे ऐकलं तेव्हा तिनं मला होसे हर्नांडेझची गोष्ट सांगितली. आई-वडील मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या ला पिएदादचे. पिकांच्या मागे फिरणारं कुटुंब, मुलगा काकडी आणि स्ट्रॉबेरी तोडत वाढला, बारा वर्षांचा होईपर्यंत इंग्रजी नीट येत नव्हतं. अंतराळवीर होण्यासाठी नासाकडे त्यानं अकरा वेळा अर्ज केला, अकराही वेळा नकार. बाराव्यांदा घेतलं, आणि २००९ साली तो डिस्कव्हरी यानातून गेला. भाची म्हणाली की तिच्या वर्गातली मुलं अंतराळ ऐकून सरसावून बसत नाहीत. काकडी ऐकून बसतात. 'हा आपल्यातला' हे पटलं की पुढचं सगळं ऐकतात.

तिसऱ्या दिवशी गहू. शिबिरात एक निवृत्त मृदाशास्त्रज्ञ येत असत, मृदू बोलणारे, हातात कायम भिंग. त्यांनी वाळवून ठेवलेल्या गव्हाच्या दोन पेंढ्या आणल्या होत्या: एक जुना देशी, छातीपर्यंत उंच, एक बुटका, कमरेइतका. उंच गव्हाला खत वाढवलं की ओंबी जड होते आणि पीक आडवं पडतं. बुटक्याला खत पचतं. हा बुटकेपणा नोरिन-१० या जपानी वाणाकडून आला, आणि मेक्सिकोत अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या मेक्सिकन सहकाऱ्यांनी तो तिथल्या गव्हात उतरवला. १९६६ साली भारतानं मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं. लेर्मा रोहो आणि सोनोरा-६४ ही त्यांतली नावं. लेर्मा ही मेक्सिकोतली नदी, सोनोरा हा तिथला प्रांत. हे ऐकून भाची मागच्या रांगेतून उठलीच. होसे हर्नांडेझच्या आई-वडिलांचं ला पिएदाद त्याच लेर्माच्या काठी आहे. तिच्या वर्गातल्या कित्येकांचे आजोळ मिचोआकानमध्ये. त्या नदीचं नाव घेऊन आलेलं बी आपल्या पंजाब-माळव्यात रुजलं, हे तिथल्या मुलांना कुणी कधी सांगितलेलं नाही.

शास्त्रज्ञांनी एक गोष्ट आणखी जोडली, ती आमच्या घरात फार आवडली. मेक्सिकन गव्हाचा दाणा लाल, आपल्याकडे त्याची पोळी लोकांना रुचेना. मग दिल्लीच्या पुसा संस्थेत, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, किरणोत्सार वापरून सोनोराचा सोनेरी दाण्याचा वाण काढला, शरबती सोनोरा. सिहोरचा आपला शरबती वेगळा, दुकानदारानं घोळ घातला तर फसू नका.

आणि देवाणघेवाण एकाच दिशेनं झाली नाही. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात जन्मलेले संजय राजाराम मेक्सिकोला गेले, तिथलेच झाले, ५१ देशांत पेरले जाणारे ४८० गव्हाचे वाण त्यांच्या हातून निघाले, २०१४ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. त्याआधी २००० साली तेच पारितोषिक एव्हान्जेलिना व्हियेगास या मेक्सिकन रसायनशास्त्रज्ञ बाई आणि सुरिंदर वासल हे भारतीय पैदासकार यांना मिळून दिलं गेलं, जास्त पौष्टिक प्रथिनांच्या मक्यासाठी. हे पारितोषिक घेणारी ती पहिली स्त्री.

आता त्याच दिवसाची तक्रार, आणि ही माझी सर्वांत मोठी. सरांचं बोलणं हिंदीतून होतं, पण मुलांच्या हातात दिलेले सगळे कागद इंग्रजीत. सगळे. गव्हाच्या रोपाचं चित्र, बाजूला बाण, खाली रिकाम्या जागा. आमची मुलगी कागद उलटा-सुलटा करत बसली. भाचीचा मुलगा तिच्या शेजारी सरकला आणि आपल्या मोडक्या हिंदी-मराठीत अर्थ सांगू लागला. एके ठिकाणी लिहिलं होतं, टिलर मोजा. त्याला वाटलं, नांगरायचं यंत्र. मुलीनं बाण कुठे जातो ते पाहिलं आणि म्हणाली, "ये तो कल्ले हैं," म्हणजे आपले फुटवे. आणि भराभर मोजून एका रोपाला सहा असं लिहिलं. एकाला भाषा येत होती, एकीला शेत. दोघांनी मिळून तो कागद सोडवला, हे भाचीकडून ऐकायला गोड वाटलं. पण सोबत तो मुलगा नसता तर? तिनं कागद कोरा परत दिला असता, आणि कार्यालयातल्या त्या फोनवरच्या माणसाला वाटलं असतं, बघा, जमलं नाही.

भाची त्या संध्याकाळी ओसरीवर बराच वेळ बोलत राहिली. तिच्या शाळेतली मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून आईबापांची दुभाषी असतात: दवाखान्यात, बँकेत, शाळेतून आलेल्या पत्रासाठी. कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदान घेऊन द्विभाषिक शिक्षणाला जवळजवळ कुलूप लावलं होतं. २०१६ साली पुन्हा मतदान घेऊन ते काढलं. मधली अठरा वर्षं एक अख्खी पिढी स्वतःच्या घरातली भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत गेली. "पेशी, मूळ, बी यांची नावं त्यांना स्पॅनिशमध्ये आईकडून माहीत होती. आम्हीच त्यांना सांगत होतो की ते ज्ञान नव्हे."

बटाईदार मुलीला सोडायला आला होता तेव्हा भाचीनं त्याला विचारलं होतं, हिला पुढे शेतीचं शिकवाल का? तो म्हणाला, "पढ़ लेगी तो खेत से छूट जाएगी।" भाची म्हणते, हेच वाक्य ती दर पालकसभेला स्पॅनिशमध्ये ऐकते. आणि ते बोलणाऱ्याला दोष देता येत नाही. सॅलिनासच्या शेतांत १९७५ पर्यंत आखूड दांड्याच्या कुदळीनं विरळणी करून घेत. एल कोर्तितो म्हणत तिला, म्हणजे छोटी. दिवसभर कमरेत वाकूनच चालावं लागे. लांब दांडा दिला तर मजूर ताठ उभा राहील, आणि आखूड दांडा असला की कोण वाकलेला आहे आणि कोण थांबलाय ते मुकादमाला लांबून दिसतं, हा हिशेब. पाठीचे मणके गेलेल्या माणसांनी कोर्टापर्यंत जाऊन ती बंद करवली. त्या कुदळीनं वाकलेल्या आजोबांची नातवंडं आज तिच्या वर्गात आहेत. त्यांना शेतीत करिअर कर म्हटलं की घरच्यांना ती कुदळच आठवते.

मग तिथे करतात काय? मी विचारलं, कारण आपल्याला ते उपयोगाचं आहे. एफएफए (फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका) ही शेती शिकणाऱ्या शाळकरी मुलांची संघटना १९२८ पासून चालते, निळं कॉर्डुरॉयचं जाकीट हीच तिची ओळख. प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक प्रकल्प असतो, कोकरू वाढवायचं, रोपवाटिका चालवायची, आणि पै-पैचा हिशेब वहीत ठेवायचा. हंगामी शेतमजुरांच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षाला फी, थोडा खर्च आणि शिकवणी देणारी केंद्राची योजना १९७२ साली सुरू झाली, कारण गळती पहिल्या वर्षातच होते. ज्या कॉलेजांत किमान चौथा हिस्सा विद्यार्थी हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे, असतात, त्यांना अमेरिकेचं कृषी खातं वेगळं शैक्षणिक अनुदान देत आलं आहे. भाचीचा स्वतःचा उपाय साधा आहे. ती वर्गात वडिलांना बोलावते. स्ट्रॉबेरीचं पिकलेलं फळ बोट न लावता कसं ओळखायचं, हे मजूर बाप मुलांना दाखवतो, आणि मग ती फळातली साखर मोजायचं यंत्र पुढे करते. बापाचा अंदाज आणि यंत्राचा आकडा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते.

या बोलण्यातच मला पांडुरंग खानखोजे आठवले, आणि भाचीला ते माहीत नाहीत हे कळल्यावर मी सगळं सांगितलं. वर्ध्याचे, गदर पक्षातले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, इंग्रजांच्या राज्यात परतता येईना, फिरत फिरत मेक्सिकोला पोचले. १९२४ पासून चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं आणि गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरानं मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचा चेहरा रंगवला आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले, १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसवला. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला सांगत होता की विज्ञान तुझं आहे. भाचीनं रात्री बसून त्या भित्तिचित्राचा फोटो शोधला. मुलगी म्हणाली, हे तर आपल्याकडच्या मास्तरांसारखे दिसतात. भाची जानेवारीत तिच्या वर्गात तो फोटो लावणार होती. लावला, आणि मला पाठवलाही.

चौथा दिवस कंपोस्टचा, मी हजर होते, आणि निराश झाले. चाळीस मिनिटांत उरकलं. पालापाचोळा, शेण, पाणी, झाकण, झालं. अहो, तुम्ही इंदुरात उभे आहात! जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना ज्या पद्धतीचं नाव 'इंदूर पद्धत' म्हणून माहीत आहे, ती इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी घडली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत आले आणि १९३१ पर्यंत राहिले. काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली गोठ्यातली माती, लाकडाची राख, असे थर लावायचे, तीनदा पलटायचं, तीन महिन्यांत खत तयार. त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड, आपल्यातलेच. १९३१ च्या पुस्तकावर दोघांचं नाव आहे, पण लोक एकच घेतात. १९३५ साली गांधीजींनी येऊन ते काम पाहिलं. आणि हॉवर्ड स्वतः सांगत की हे ज्ञान त्यांनी इथल्या शेतकऱ्याकडे बघून उचललं. बटाईदाराच्या मुलीसमोर याहून मोठी गोष्ट कुठली सांगायची होती? मधल्या सुट्टीत मी सरांना हे बोलले. ते म्हणाले, मला माहीत आहे, वेळ नव्हता. दुपारी ड्रोन उडवायला दोन तास होते.

ड्रोन मुलांना आवडला. मला त्याबद्दल फारसं लिहायचं नाही.

जेवण चांगलं, रोज ताजं. एक दिवस दाल-बाफले, तूप हात राखून न घातलेलं. सकाळचे पोहे गरम मिळत. बस वेळेवर. पण मुलींसाठी एकच संडास, आणि त्याची कडी तुटलेली. अकरा मुलींना एकमेकींना बाहेर उभं करून जावं लागलं. हे पाच दिवसांत दुरुस्त व्हायला हवं होतं. कडी तीस-चाळीस रुपयांना मिळते. मी पाठवताना आता पहिला प्रश्न हाच विचारीन.

शेवटच्या दिवशी 'शेतीतलं करिअर' असं एक तासाचं भाषण. भाचीनं टिपणं काढली. स्टार्टअप, अॅप, निर्यात, परदेशी विद्यापीठं. ज्याच्या घरी पैसे आहेत त्याला ठीक. आमच्या मुलीसाठी त्यात एकही ओळ नव्हती, म्हणून मी इथे लिहिते; तुमच्याही गावाकडे कुणी असेल. दहावीनंतर मध्य प्रदेश मंडळात अकरावी-बारावीला कृषी समूह घेता येतो, हिंदी माध्यमात. त्यानंतर कृषी महाविद्यालयातल्या प्रवेशासाठी राज्याची पीएटी (प्री-अॅग्रिकल्चर टेस्ट) परीक्षा. इंदूरचं कृषी महाविद्यालय ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाखाली येतं. शहरातच सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि पुसा संस्थेचं गव्हाचं केंद्रही. पुसा तेजससारखे, एच.आय. अक्षरांनी नोंदलेले जे वाण आपल्या भागात पेरतात, ते इथेच तयार झाले. माती तपासणारे, रोग ओळखणारे, बियाण्याची शुद्धता बघणारे, पाण्याचा हिशेब मांडणारे, ही सगळी माणसं लागतात, आणि त्यांतलं निम्मं काम आमची मुलगी डोळ्यांनी आत्ताच करते. खरगोनच्या ताईंनी हे सगळं तिला एका कागदावर हिंदीत लिहून दिलं, स्वतःच्या हातानं, बसची वाट बघता बघता. शिबिराच्या सगळ्या छापील कागदांपेक्षा तो कागद मोलाचा.

तर पाठवावं का? शिकवणाऱ्यांसाठी, हो. ताई आणि सर दोघंही मुलांच्या हातात माती देतात, आधी विचारतात, मग सांगतात. पण चोवीसपैकी शेतकऱ्याच्या घरची एकच मुलगी होती, तीही आम्ही पैसे भरले म्हणून. शेजारच्याच गावातली मुलं कुंपणाला टेकून रोज बघत उभी असायची. मी चालवणाऱ्यांना सांगितलं की सहा जागा आसपासच्या सरकारी शाळांना द्या, फी बाकीच्यांवर वाटा. २४ जणांचे ६,५०० म्हणजे १,५६,००० रुपये. १८ जणांनी ते उचलायचे तर माणशी साधारण ८,७०० होतात. मी भरीन, आणि मला ओळखणारे आणखी पाच-सहा पालक भरतील, त्यांना विचारूनच बोलते आहे. कागद हिंदीत करा, मी आणि बँकेतल्या माझ्या दोन जुन्या मैत्रिणी बसून करून देतो. त्यांनी हो म्हटलं आहे. पुढच्या डिसेंबरात झालं का ते बघून पुन्हा लिहीन, तेव्हा नावासकट.

निघताना प्रत्येक मुलाला एक काम दिलं होतं: घरातल्या बियाण्याची उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं ठेवायचे, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्यानं कोंब मोजायचे. सोयाबीनला सत्तरच्या वर आले तर बियाणं पेरायला चांगलं. भाचीच्या मुलानं आमच्या डब्यातले हरभरे लावले आणि विमानाच्या गडबडीत विसरला. मुलीनं देपालपूरला जाऊन कोठीतलं सोयाबीन लावलं. नवव्या दिवशी तिचा फोन आला, ८१. आवाजात घाई होती. मी म्हटलं, पापांना दाखवलंस का? तेवढ्यात फोन त्यानंच घेतला. म्हणाला, बाईजी, मागच्या खोलीत अजून सहा पोती आहेत, दुसऱ्या शेतातली. तिला म्हटलंय, आज तीही लाव.